आंब्याला जामीन

झाडाला भीती समजते, हे सृष्टीचं एक गहन सत्य आहे. कुंडलच्या आकाराम जमादारांना ते पटलं, तेव्हा त्या सत्याला जालिंदरच्या मेव्हण्याच्या आत्याची चिंच एवढाच काय तो आधार होता, आणि ती चिंच गावात कुणी पाहिलेली नव्हती.

जमादारांना पलटणीतून घरी येऊन बरीच वर्षं झाली होती. मधल्या काळात सरकारनं जमादार हा हुद्दाच मोडीत काढून त्याला नायब सुभेदार म्हणायचं ठरवलं. पण तो हुकूम कुंडलपर्यंत आला नाही, आणि आला असता तरी गावानं मानला नसता. जमादार पहाटे उठत, मिशांना तेल लावत आणि ओट्यावर येऊन बसत. ओट्यासमोर अंगण, अंगणात आंबा, आंब्याच्या बुंध्याला बांधलेली म्हैस. या तिन्हींवर दिवसभर त्यांचा पहारा असे. तिन्हींपैकी कुणी कधी पळून गेलं नाही.

आंबा फळत नव्हता. नुसता वाढला होता. पानं अशी तुकतुकीत, की रस्त्यानं जाणारा परका माणूस थांबून कौतुक करी आणि मग सहज विचारी, "फळ कसं हाय हो ह्येचं?" त्यावर जमादार दुसरीकडे बघू लागत. संक्रांत झाली, की गावातले आंबे मोहोरानं पिवळे होत. जमादारांचा आंबा फार झालं तर तांबूस पालवी काढी आणि पुन्हा हिरवागार होऊन स्वस्थ उभा राही.

तो लावला होता मानसिंगनं, त्यांच्या एकुलत्या एक पोरानं. लहानपणी मामाबरोबर सांगलीला गेला असताना त्यानं कुठंसा एक आंबा खाल्ला आणि कोय खिशात घालून घरी आणली. जमादार तेव्हा रजेवर होते. ते म्हणाले, "शेतात लाव. दारात नको." पोरानं दारात लावली. बापाचं न ऐकण्याची मानसिंगची ही पहिली आणि शेवटची वेळ.

पुढं चीनशी लढाई झाली, आणि त्याच्या दुसऱ्या वर्षी साताऱ्याला मोठी भरती निघाली. जमादारांनी मानसिंगला घेऊन जायचं ठरवलं. बायकोला, म्हणजे रंगूबाईला, त्यांनी विचारलं नाही. पलटणीत बायकोला विचारायची पद्धत नव्हती, आणि जमादारांना दुसरी पद्धत ठाऊक नव्हती. ती भांगलणीला गेली असताना बापलेक कराडच्या एसटीत जाऊन बसले. कुणीतरी तिला बांधावर जाऊन सांगितलं. ती खुरपं हातात घेऊनच धावत आली, तेव्हा गाडी नुकती हलली होती.

"आवं, थांबा! आवं!"

जमादार खिडकीशीच बसले होते. कंडक्टरनं दोरीला हात घातला आणि विचारलं, "थांबवू का?"

"चालू द्या," जमादार म्हणाले.

पासष्टच्या लढाईत मानसिंग गेला. तार आली तेव्हा जमादार ओट्यावर ताठ उभे राहिले, आणि रंगूबाई आत निघून गेली. ती नवऱ्याशी बोलत नाही, हे गावाच्या लक्षात आलं ते त्या दिवसापासून.

म्हणजे अगदीच बोलणं बंद झालं असं नाही. संसारात बोलल्याशिवाय भागत नाही. त्यासाठी चंद्री होती. चंद्री म्हणजे म्हैस. रंगूबाई भाकरी करून बाहेर येई आणि चंद्रीच्या पाठीवर हात ठेवून म्हणे, "चंद्रे, जेवाण वाढलंया म्हणावं." जमादार ओट्यावरून म्हणत, "चंद्रे, आलोच म्हणावं." तेल संपलं, छपराचं कौल सरकलं, पाहुणे येऊन गेले, सगळं चंद्रीच्या कानी जाई. गावातल्या पुष्कळ घरांपेक्षा या घरात निरोप नीट पोचत असत. नुकत्याच झालेल्या कोयनेच्या भूकंपात पहाटे सगळं गाव आरडाओरडा करत बाहेर पळालं, तेव्हासुद्धा रंगूबाई आंब्याखाली येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चंद्रे, भुई हालतीया."

"चंद्रे, मला कळलंय म्हणावं," जमादार म्हणाले.

पण त्या पहाटे, सगळं थरथरायचं थांबल्यावर, जमादारांच्या मनात एक गोष्ट आली आणि मग ती जाईना. भिंत अंगावर पडली असती, तर बायकोची एक हाकही न ऐकता आपण गेलो असतो. त्यांना फार काही नको होतं. तिनं भांडावं, शिव्या द्याव्यात, पोराचं नाव घेऊन रडावं, यातलं काहीच ते मागत नव्हते. तिनं एकदा, त्यांच्याकडे तोंड करून, "आवं" म्हणावं. बाकीचं वाक्य चंद्रीला सांगितलं तरी चाललं असतं.

आता हे काही कुणाजवळ बोलायचं नव्हतं. म्हणून ते आंब्याबद्दल बोलू लागले.

आधी त्यांनी शेतकी मदतनिसाला बोलावलं. तो सायकलवरून आला, सायकल आंब्याला टेकवून ठेवली, चहा घेतला आणि म्हणाला, "कोयीपासूनचं झाड आहे. वेळ लागतो. थांबा." थांबण्याचा सल्ला जमादारांना आयुष्यात कधी मानवला नव्हता. त्यांनी मुळं उघडी करून त्यांना ऊन दाखवलं. खोडात लोखंडी खिळे मारले. मीठ घातलं. झाडानं हे सगळं सोसलं आणि आणखी पानं काढली.

तेव्हा शेजारचे नानासो म्हणाले, "आकाराम, गड्या, पलूसच्या जालिंदरला बोलीव. झाडातला माणूस हाय त्यो."

जालिंदर खरोखरच झाडातला माणूस होता. घरावर आलेल्या फांद्या उतरवणं, बांडगूळ काढणं, वठलेली झाडं पाडणं, हा त्याचा धंदा. त्याच्याबरोबर सिद्धू नावाचा एक धिप्पाड गडी असे. सिद्धू दोर धरी आणि जालिंदर बोले. झाडापुढं आला, की जालिंदर आधी चपला काढी. मग कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, म्हणजे मागच्या बोथट बाजूनं, खोडावर टकटक करी आणि कान लावून डोळे मिटून घेई. त्याला काय ऐकू येई हे देवाला माहीत. पण बघणाऱ्याला आपण भारी फी घेणाऱ्या डॉक्टरकडे आल्यासारखं वाटे.

त्यानं आंब्याला कान लावला, डोळे मिटले, उघडले.

"सायेब, रोग न्हाई."

"मग?"

"माज हाय."

"झाडाला?"

"झाडाला न्हाई तर कुनाला? ह्येला कुनाचा धाकच न्हाई. पानी येळंवर, खत येळंवर, बुडात म्हशीचं श्यान. फळायचं कशापायी? तुमी फळला असता का?"

"उपाय सांग," जमादार म्हणाले.

"धाक द्या," जालिंदर म्हणाला. "आमच्या मेव्हन्याच्या आत्याची चिंच अशीच मातली हुती. पौषातल्या आवसंला तिच्यावर कुराड उगारली. फुडच्या साली पोती भरभरून चिंच. वाटून वाटून बाई दमली."

ही चाल तशी जमादारांच्या ऐकण्यात होती. लहानपणी आजोळी त्यांनी एका फणसाला असा दम दिलेला पाहिला होता. फणसावर परिणाम काय झाला ते मात्र आठवत नव्हतं. त्यांनी विचारलं, "करायचं कसं?"

"येक घाव घालायचा, साल निघंल येवडा. मग कुराड वर धरायची आन् दरडावून इचारायचं, फळतोस का तोडू? आता झाडाला काय वाचा न्हाई. मग घरधनिनीनं फुडं व्हायचं. बुंध्याला हात लावायचा आन् म्हनायचं, 'आवं, थांबा. ह्येच्यासाटी म्या जामीन हाय. येत्या सालाला फळंल.' की मग कुराड खाली. हळदीकुकू लावायचं, दहीभात ठेवायचा. झालं."

"'आवं' म्हणायलाच लागतं?"

"आता बाईमानूस कुराडवाल्याला काय नावानं हाक मारनार हाय, सायेब?"

जमादारांनी मिशीवरून हात फिरवला. "कुऱ्हाड मी धरणार."

"तुमी कशाला? आमचं कामच हाय त्ये. परक्याचं भ्या झाडाला लौकर बसतं."

"मी धरणार," जमादार म्हणाले. आवाज असा, की सिद्धूनं दोर खाली ठेवला. मग जमादारांनी खालच्या आवाजात विचारलं, "आणि समजा, मध्ये कुणी आलंच नाही?"

"येत्यात की. आक्का बघत उभ्या ऱ्हातील व्हय? त्यांच्या हातचं पानी प्यालंय ह्ये झाड."

"तरी समजा."

"मग तोडावंच लागतं, सायेब." जालिंदर गंभीर झाला. "धाक दिऊन सोडून दिलं, तर झाड फुना कुनाच्या बापाला भीत न्हाई. ह्येच न्हाई नुसतं. आळीतली समदी झाडं बिघडत्यात."

त्या संध्याकाळी रंगूबाई चंद्रीची धार काढत होती. जमादार ओट्याच्या कडेला येऊन बसले आणि खाकरले.

"चंद्रे, आवसंला आंब्याला धाक द्यायचा हाय म्हणावं. कुऱ्हाड मी धरणार. घरातल्या माणसानं मध्ये येऊन थांबा म्हणायचं आसतं. तेवढं करावं म्हणावं."

रंगूबाईनं धार पुरी करून चरवी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "चंद्रे, आंबा मान्सिंगनं लावलाय. हात लावायच्या आदी धा वेळा इचार करा म्हणावं."

जमादारांना आनंद झाला. तार आल्यापासून तिच्या तोंडून पोराचं नाव त्यांनी ऐकलं नव्हतं. ज्या अर्थी झाडात तिचा जीव आहे, त्या अर्थी ती मध्ये येणारच, असं गणित त्यांनी मांडलं. पलटणीत त्यांनी मांडलेली गणितं बहुतेक बरोबर येत. तिथं समोर शत्रू असे.

आवसेच्या सकाळी जमादारांनी जुनी खाकी पँट घातली, कुऱ्हाडीला लावून ठेवलेली धार अंगठ्यानं पाहिली. जालिंदर आणि सिद्धू वेळेवर आले. नानासो तंबाखू मळत कुंपणाशी उभे राहिले. त्यांच्यामागं आळीतली आणखी माणसं जमली, कारण पौषात गावात बघण्यासारखं दुसरं काही नसतं. एका ताटात हळदीकुंकू आणि वाटीत दहीभात तयार होता. तो जमादारांनी स्वतः कालवला होता. त्यामुळे मीठ जास्त झालं होतं, पण झाड तक्रार करणार नव्हतं.

रंगूबाई बाहेर आली. तिनं चंद्रीला बुंध्यापासून सोडलं, दावं हातात धरलं आणि अंगणाच्या एका बाजूला जाऊन उभी राहिली. पदर डोक्यावर, नजर खाली. म्हैस रवंथ करत होती.

जमादारांनी पहिला घाव घातला. सालीची एक ढलपी उडाली आणि आतला पांढरट, ओलसर भाग दिसला.

"वा, सायेब!" जालिंदर म्हणाला. "आता उगारा. इचारा."

जमादारांनी कुऱ्हाड डोक्यावर नेली आणि परेडच्या आवाजात विचारलं, "फळतोस, का तोडू?"

झाड काही बोललं नाही. कुंपणावरचे दोन कावळे उडाले.

"आक्का, आता तुमी," जालिंदर हळूच म्हणाला.

रंगूबाई हलली नाही.

कुऱ्हाड जड होती. जमादारांचे खांदे एके काळी रायफल डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या मारत. पण ते खांदे आता निवृत्त झाले होते. ते तसेच उभे राहिले, मान किंचित तिच्याकडे वळवून. त्यांना वाटलं, नुसतं 'आवं' म्हटलं तरी बस. 'थांबा' नाही म्हटलं तरी आपण थांबू.

आणि 'थांबा' हा शब्द मनात आला तसं कुठूनतरी डिझेलचा वास आला. खिडकीची गार दांडी. दोरीवर ठेवलेला कंडक्टरचा हात. तिनं त्यांना उद्देशून बोललेलं मागचं वाक्य कोणतं, हे इतकी वर्षं त्यांनी आठवून पाहिलं नव्हतं. कधीतरी बोलता बोलता ती बोलायची थांबली, एवढंच त्यांच्या लेखी होतं. आता दोन्ही हात वर असताना ते वाक्य आठवलं. जालिंदरनं सांगितलं होतं तेच वाक्य होतं. फक्त जामिनाचा भाग त्यात नव्हता. तो सांगायला तेव्हा वेळ मिळाला नव्हता.

"वैनी, बोला की!" नानासो कुंपणावरून म्हणाले. "आकारामचं हात गळायला लागलं!"

रंगूबाईनं चंद्रीच्या पाठीवर हात ठेवला. आवाज नेहमीचाच, तेल संपलं सांगतानाचा.

"चंद्रे, त्ये येकदा बोलून झालंय म्हणावं."

जमलेल्यांपैकी कुणाला काही कळलं नाही. जमादारांना कळलं. त्यांनी तोंड उघडलं. पण चंद्रीला काय सांगावं ते त्यांना सुचेना, आणि थेट बोलायची सवय दोघांचीही मोडली होती.

नानासोंना मात्र राहवेना. तंबाखू टाकून ते कुंपणावरून आत आले, दोन्ही हात पसरून बुंध्यापुढं उभे राहिले आणि ओरडले, "आकाराम, थांब गड्या! म्या जामीन हाय! येत्या सालाला फळंल!"

जमादारांनी आशेनं जालिंदरकडे पाहिलं.

"चालत न्हाई," जालिंदर म्हणाला.

"का चालत न्हाई? माजा बांध लागून हाय!"

"बांध लागून चालत न्हाई, नानासो. जामीन घरातलाच लागतो. उद्या झाड फळलं न्हाई, तर तुमच्या घरात ऱ्हायला येनार हाय का त्ये? बाजूला व्हा. सायेबांच्या हाताला कळ लागलीया."

नानासो बाजूला झाले. माणसं बघत होती. कुऱ्हाड खाली घ्यायचा हुकूम देणारं तिथं कुणी नव्हतं, आणि हुकुमाशिवाय हत्यार खाली घ्यायला जमादारांना कुणी शिकवलं नव्हतं. हात शेवटी आपोआप खाली आले. त्यात जोर होता की नुसतंच वजन, हे सांगणं कठीण; पण पातं बुंध्यात चांगलं चार बोटं रुतलं आणि त्यांच्यानं काही केल्या निघेना.

त्यांनी ओढलं. पाय लावून ओढलं. माणसांतून कुणीतरी हसलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं.

"सायेब," जालिंदर अदबीनं म्हणाला, "फुडचं आमी बगू का?"

जमादार ओट्यावर जाऊन बसले.

जालिंदरनं चपला काढल्या, झाडाला नमस्कार केला. सिद्धूनं वर चढून दोर बांधला. ते दोघे झाडं वाचवण्यापेक्षा पाडण्यात जास्त हुशार होते, हे त्या दिवशी गावाला दिसलं. एकही कौल न फोडता त्यांनी आंबा अंगणात आडवा केला. पडताना झाडानं ओट्यावर थोडी पानं टाकली. जमादारांनी ती उचलली नाहीत. रंगूबाई पुढं झाली, आणि जमादारांना क्षणभर वाटलं की आता ती झाडाला कवटाळणार. तिनं डहाळ्या मोडून चुलीसाठी सारख्या करायला घेतल्या. दहीभात कावळ्यांनी खाल्ला.

जालिंदर जाताना म्हणाला, "वाईट वाटून घिऊ नका, सायेब. आळीतल्या बाकीच्या झाडांवर लय चांगला परिनाम हुईल."

महिन्याभरानं शेतकी मदतनीस दुसऱ्या कुणाकडे जाता जाता डोकावला. सायकल टेकवायला काही सापडेना, तेव्हा ती हातातच धरून उभा राहिला. खुंटाकडे पाहून तो म्हणाला, "थांबला असतात तर."

"चहा घेणार?" जमादारांनी विचारलं, आणि सवयीनं निरोप द्यायला खुंटाकडे वळले. तिथं म्हैस नव्हती.

अंगणात आता सावली उरली नव्हती. ऊन तापू लागल्यावर चंद्री धापा टाकायला लागली, तेव्हा रंगूबाईनं घरामागच्या परड्यात, नानासोंच्या उंच भिंतीच्या सावलीत, एक खुंटी ठोकली आणि चंद्रीला तिथं नेऊन बांधलं. तिथं म्हशीला बरं वाटतं. रंगूबाई दिवसातून किती तरी वेळा तिच्याजवळ जाते. नानासोंची बायको सांगते, की अलीकडे ती म्हशीशी पुष्कळ बोलते. कधी कधी तासभरसुद्धा, आणि त्यात मानसिंगचं नावही येतं.

परड्यातलं बोलणं ओट्यावर ऐकू येत नाही.